पेल्यातली नाती : याकुझा सिनेमातले बाप, मुलगे आणि खून

जपानी टोळीपटांत एक प्रसंग हटकून येतो. भिंतीवर देवतांची नावे लिहिलेले लांब पट, त्यांच्यापुढे मीठ, मासे आणि साकेची सुरई. मध्यस्थ बेताने साके ओततो. टोळीप्रमुख घोटभर पितो आणि उरलेला पेला समोर गुडघ्यांवर बसलेल्या तरुणाला देतो. तरुण तो रिकामा करतो आणि कागदात गुंडाळून किमोनोत छातीशी खोचतो. झाले, त्या घटकेपासून तो त्या माणसाचा मुलगा.

या विधीला साकाझुकी म्हणतात. प्रमुख तो ओयाबुन, म्हणजे बापाच्या जागी असलेला; हाताखालचा तो कोबुन, मुलाच्या जागी असलेला. भावाभावांचेही पेले असतात आणि तिथे माप काटेकोर असते. बरोबरीचे भाऊ असतील तर साके निम्मेनिम्मे, थोरला-धाकटा असेल तर सहाला चार. नाते मोडायचे तर पेला परत करायचा. कुणाला टोळीतून काढले की तशी पत्रे इतर टोळ्यांना धाडली जातात, म्हणजे त्याला कुणी दारात उभे करत नाही. मोठी चूक झाली तर करंगळीचे पेर कापून ओयाबुनपुढे ठेवायचे.

'द गॉडफादर'मधले घराणे रक्ताचे आहे. बापाचा धंदा मुलाकडे जातो, आणि भावाने भावाला मारले की थेट आईच्या कुशीला धक्का बसतो. याकुझांच्या घराण्यात गादी सहसा पोटच्या पोराला मिळत नाही. तिथे नाते जन्माने येत नाही, ते पत्करावे लागते आणि ते खरे असल्याचे पुन्हापुन्हा दाखवून द्यावे लागते. दाखवून देण्याचे चलन एकच: स्वतःचे रक्त किंवा दुसऱ्याचे. म्हणून या सिनेमांतली हिंसा घराण्याच्या बाहेरून येत नाही. घराणे उभे राहते तेच तिच्यावर. दिग्दर्शकांच्या चार पिढ्यांनी हे चित्र रंगवले आणि प्रत्येक पिढीने एका प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. या मानलेल्या मुलाचा घात नेमका कोण करतो?

परंपरा जुनी आहे. दाइसुके इतोच्या १९२७च्या 'चुजीची प्रवासवही' या मूकपटाचे काही भागच आज उरले आहेत आणि तेही १९९१मध्ये हाती लागले. त्यातला जुगारी नायक कुनिसादा चुजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळला आहे. बाहेर शिपायांचा वेढा पडला आहे, घरात फितुरीचा संशय आहे आणि उरलेली मानलेली पोरे बापासाठी मरायला उभी आहेत. पुढच्या सगळ्या याकुझापटांची बीजे इथे सापडतात, फक्त इथला बाप अजून प्रेम करण्याजोगा आहे.

युद्धानंतर तो तसा राहिला नाही. अकिरा कुरोसावाच्या 'मद्यपी देवदूत' (१९४८) मध्ये तोशिरो मिफुनेचा मात्सुनागा क्षयाने पोखरलेला गुंड आहे. तो मोहल्ल्यात मिरवतो, पण खोकल्याबरोबर रक्त पडते. जुना साथीदार तुरुंगातून सुटून येतो आणि मात्सुनागाची जागा बळकावतो. बॉसने हातात पैसे ठेवले म्हणून हा भारावतो, आणि मग त्याच्या कानावर पडते की हा असाही मरणारच आहे, तर याला पुढे करून खर्ची घालू, असे बॉसचे चालले आहे. शेवटची मारामारी सांडलेल्या पांढऱ्या रंगात होते. दोघे घसरतात, धडपडतात, एकमेकांना धड भोसकताही येत नाही. त्याला माणूस म्हणून वागवणारा एकच जण आहे, घाणेरड्या डबक्याकाठचा दारुडा डॉक्टर, आणि त्याच्याशी पेल्याचे नाते जुळलेले नाही. कुरोसावाने १९४८मध्येच निकाल देऊन ठेवला होता. धंद्याने मात्र तो मानला नाही.

धंद्याची अडचण वेगळी होती. १९५८ साली जपानमध्ये सिनेमाची ११२ कोटी तिकिटे खपली होती, १९६३पर्यंत आकडा ५१ कोटींवर आला. घरोघरी टीव्ही आला आणि तोएई कंपनीचे हुकमी सामुराईपट बसले. तलवारी, किमोनो आणि क्योतोमधले सेट तयारच होते. कथानक थोडे अलीकडे ओढले आणि 'निंक्यो' म्हणजे शूर, इमानी याकुझांचे चित्रपट जन्मले. १९६३च्या 'जिनसेई गेकिजो : हिशाकाकू'पासून ही लाट धरतात. मागे निर्माता होता कोजी शुन्दो, टोळीवाल्यांत ऊठबस असलेला माणूस. त्याची मुलगी जुन्को फुजी या लाटेची सर्वांत मोठी नायिका झाली. पडद्यावर घराण्याच्या गोष्टी आणि पडद्यामागेही घराणेच! एवढ्यावर भागले नाही. नोबोरू आन्दो नावाच्या खऱ्या टोळीप्रमुखाने १९६४मध्ये टोळी मोडली आणि तो चक्क नट झाला.

निंक्योपटाचा साचा ठरलेला असतो. जुनी, रीतीने चालणारी टोळी. समोर कोट-टायवाली, सरकारी ठेके लाटणारी नवी टोळी. मध्ये गिरी आणि निंजो, म्हणजे कर्तव्याचे ऋण आणि मनाची ओढ, यांत सापडलेला नायक. तो दीड तास अपमान गिळतो. ओयाबुनचा खून झाला की मात्र म्यानातून तलवार निघते. केन ताकाकुराच्या 'शोवा झान्क्योदेन' मालिकेत शेवटी तो आणि र्यो इकेबे रात्री शत्रूच्या वाड्याकडे चालत निघतात आणि पार्श्वभूमीला गाणे लागते. काबुकीत प्रेमी युगुल एकत्र मरायला निघते ती चाल इथे दोन पुरुषांना दिली आहे. तीच चाल प्रेक्षक भाग बदलला तरी पुन्हा बघायला येत.

आणि कोण प्रेक्षक? मजूर, बारमधल्या बाया, खरे गुंड, आणि त्यांच्या शेजारी विद्यापीठ बंद पाडणारे डावे विद्यार्थी. १९६८च्या तोक्यो विद्यापीठाच्या महोत्सवाच्या गाजलेल्या भित्तिपत्रकावर पाठीवर गोंदण मिरवणारा याकुझा होता आणि तो आईला, अडवू नकोस, असे विनवत होता. सरकारशी भांडणाऱ्या पोरांना बापासाठी मरणारा नायक का आवडावा, याचे कोडे वाटते. पण त्यांना बाप दिसत नव्हता, हरणार हे ठाऊक असून निघालेला एकटा माणूस दिसत होता. आई मात्र पडद्यावरही होती. ताकाकुराच्या 'अबाशिरी तुरुंग' (१९६५) मध्ये बर्फातून पळणाऱ्या कैद्याला ओढ आहे ती आजारी आईची. मानलेला बाप जीव मागतो आणि सख्खी आई अपराधाची टोचणी देत राहते, ही विभागणी या सिनेमांत पक्की आहे.

या लाटेतला एक चित्रपट मात्र साच्यात बसूनही साचा फोडतो. १९६८चा 'सोचो तोबाकू', दिग्दर्शक कोसाकू यामाशिता, पटकथा काझुओ कासाहारा. युकिओ मिशिमाने त्याची तुलना ग्रीक शोकांतिकेशी केली आणि ती अतिशयोक्ती वाटत नाही. काळ १९३४चा. तेनर्यू घराण्याचा प्रमुख आजाराने आडवा होतो. गादी कोजी त्सुरुताच्या नाकाईला देऊ करतात. तो म्हणतो, मी मूळचा दुसऱ्या घराचा, हक्क तुरुंगात असलेल्या मात्सुदाचा. मात्सुदा त्याचा पेल्याचा भाऊ, शिवाय त्याच्या बहिणीचा नवरा. 'काका' सेन्बा मात्र तिसऱ्याच, बुजगावण्यासारख्या माणसाला गादीवर बसवतो, कारण त्याला टोळी उजव्या राष्ट्रवाद्यांच्या दावणीला बांधायची आहे. निर्णय घराण्याचा, म्हणून नाकाई तो डोळे मिटून पाळतो. मात्सुदा सुटून येतो आणि म्हणतो, हा अन्याय आहे.

दोघेही बरोबर आहेत, आणि त्यामुळेच सगळे मरतात. नाकाईची बायको डांबून ठेवलेल्या माणसाला सोडून देते आणि नवऱ्याचा शब्द मोडला म्हणून जीव देते. पावसात, तिच्या थडग्यापाशी, दोघे भाऊ समोरासमोर येतात आणि बोलणे पेल्यावर, नाते ठेवायचे की मोडायचे यावर येते. शेवटी नाकाई मात्सुदाला स्वतःच्या हाताने मारतो, विधवा झालेली बहीण त्याला खुनी म्हणते. मग तो सेन्बाकडे वळतो. काकावर हात उचलतोस, हीच का तुझी निंक्योची रीत, असे सेन्बा विचारतो. नाकाई सांगतो की ती रीतभात मला ठाऊक नाही, मी निव्वळ खुनी आहे. जन्मठेप होते. इमानाच्या वाटेवर शेवटपर्यंत चाललेल्या माणसाला टोकाशी इमान सापडत नाही, हे कासाहाराने ऐन भरातल्या लाटेत, त्याच कंपनीच्या पैशांवर लिहून ठेवले.

निक्कात्सु कंपनीत सेइजुन सुझुकी हेच काम थट्टेने करत होता. 'तोक्योचा भटक्या' (१९६६) मधला फिक्या निळ्या सुटातला तेत्सु आपल्या बॉससाठी देशभर वणवण करतो आणि तोच बॉस त्याला विकतो. पिवळ्या-जांभळ्या दिव्यांत हा विश्वासघात इतका नखरेल दिसतो की दुःख व्हायला उसंतच मिळत नाही. आणखी दोन चित्रपटांनंतर कंपनीने सुझुकीला काढून टाकले. मासाहिरो शिनोदाच्या 'कोमेजले फूल' (१९६४) चा बाज वेगळा आणि अधिक थंड आहे. टोळीसाठी खून करून तुरुंगात गेलेला माणूस बाहेर येतो तर दोन्ही टोळ्यांची दिलजमाई झालेली. मग तो खून कशासाठी होता, हे विचारण्याचीही त्याला इच्छा नाही.

१३ जानेवारी १९७३ रोजी 'जिंगी नाकी ताताकाई' प्रदर्शित झाला. शब्दशः, धर्म-माणुसकी नसलेली लढाई. दिग्दर्शक किन्जी फुकासाकू. कोझो मिनो या हिरोशिमाकडच्या खऱ्या टोळीवाल्याने तुरुंगात, तोही अबाशिरीच्याच, लिहिलेल्या आठवणींवर हा चित्रपट बेतला आहे. ताकाकुराच्या बर्फाळ स्वप्नाला त्याच तुरुंगातून उत्तर आले म्हणायचे. पटकथा पुन्हा कासाहाराची.

पहिले दृश्य अणुबॉम्बच्या ढगाचे छायाचित्र. मग कुरे बंदरातला काळाबाजार. यामातो युद्धनौका जिथे बांधली गेली त्या गावात आता अमेरिकी सैनिक भर बाजारात एका बाईवर तुटून पडले आहेत आणि खांद्यावर धरलेला कॅमेरा गर्दीतून ठेचकाळत धावतो आहे. फुकासाकू १९३०चा. पंधराव्या वर्षी तो शस्त्रांच्या कारखान्यात राबत होता. कारखान्यावरचा मारा थांबल्यावर सोबत्यांची प्रेते उचलण्याचे काम त्या पोरांवर पडले. वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर मरणे म्हणजे काय, हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते.

बुन्ता सुगावाराचा हिरोनो सैन्यातून परतलेला पोरगा, आणि नोबुओ कानेकोचा यामामोरी त्याचा ओयाबुन. यामामोरी हे जागतिक सिनेमातल्या थोर भित्र्या पात्रांपैकी एक आहे असे मी बेधडक म्हणतो. तो चिकट आहे, पैशावरून रडतो, खून करायला पाठवताना पोरांच्या गळ्यात पडून हुंदके देतो आणि ती गेली की डोळे पुसतो. गंमत म्हणजे 'सोचो तोबाकू'मधला सेन्बाही कानेकोनेच केला होता. तिथला कपटी काका इथे सरळ बापाच्या गादीवर बसला.

करंगळी कापण्याचा प्रसंग पाहा. निंक्योपटात असतो तसा दबदबा इथे औषधालाही नाही. हे नेमके कसे करतात तेच कुणाला धड माहीत नाही. बॉसची बायको ऐकल्या-पाहिल्या माहितीवर सूचना देते. हिरोनो सुरा दाबतो आणि तुकडा उडून नाहीसा होतो. मग हे सगळे मर्द अंगणात वाकून बोट शोधू लागतात. ते सापडते कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. शतकांच्या विधीचा फुकासाकूने असा कचरा केला, आणि तरी बोट तुटलेलेच राहते.

याच चित्रपटात हिरोकी मात्सुकाताचा साकाई बॉसला तोंडावर सुनावतो की तुम्ही आमच्या खांद्यावरची मिकोशी आहात; रक्त सांडले आम्ही, मिकोशीला आपली आपण चालता येत असेल तर चालून दाखवा. मिकोशी म्हणजे जपानी जत्रेत खांद्यावरून मिरवतात ती देवाची पालखी. आषाढीला भोई होऊन घामाघूम झालेल्या मराठी वाचकाला यावर भाष्य नको. साकाईचा खून होतो. खून झाला की चित्र गोठते, पडद्यावर मेलेल्याचे नाव आणि तारीख उमटते, कर्णकटू तुतारी वाजते, आणि लढाई पुढे चालू. साकाईच्या शाही अंत्यविधीला त्याला मारवणारेच हार घेऊन उभे असतात. हिरोनो येतो आणि माणसांवर न झाडता, फुले-फोटो मांडलेल्या वेदीवर पिस्तूल झाडतो. यामामोरीकडे वळून एवढेच सुचवतो की गोळ्या अजून संपलेल्या नाहीत.

दोन वर्षांत या मालिकेचे पाच भाग आले. 'जित्सुरोकू', म्हणजे सत्य घटनांवरच्या पटांची साथ पसरली. त्याच १९७३ मध्ये तोएईने यामागुची-गुमी या टोळीच्या, तेव्हा हयात असलेल्या तिसऱ्या प्रमुखावर, काझुओ ताओकावर, ताकाकुराला घेऊन चित्रपट काढला. म्हणजे एकाच वर्षी एकच कंपनी बापाची खिल्लीही विकत होती आणि आरतीही. पोलिसांच्या मोजणीत याकुझांची संख्या १९६३ साली सुमारे १ लाख ८४ हजारांवर पोहोचली होती. गिऱ्हाईक कमी नव्हते.

फुकासाकूचा सर्वांत कडू चित्रपट दोन वर्षांनी आला, 'जिंगी नो हाकाबा' (१९७५). तेत्सुया वातारीचा रिकिओ इशिकावा कुठल्याच बापाला जुमानत नाही. स्वतःच्या ओयाबुनवर सुरा चालवतो, आसरा देणाऱ्या भावाला मारतो. त्याच्यासाठी देह विकून खंगलेली बायको मरते, तेव्हा तो तिच्या अस्थी घेऊन बॉससमोर बसतो आणि हाडाचा तुकडा दातांनी कुरतडत पैसे मागतो. मी हा प्रसंग दुसऱ्यांदा बघताना मान फिरवली. बाप खोटा असल्याचे कळले तर बंडखोर सुटेल, अशी आशा 'जिंगी नाकी' थोडीफार ठेवतो. इथे बाप नाकारणाऱ्याचे काय होते ते दिसते: तुरुंगाच्या छतावरून उडी. इशिकावा खरा माणूस होता आणि तो तसाच गेला.

बायकांचा प्रश्न या सगळ्यात आहे आणि समीक्षेत तो नेहमी मागच्या बाकावर बसतो. जुन्को फुजीच्या 'लाल पिओनी' मालिकेतली ओर्यू बापाच्या खुनानंतर घराणे चालवते, पण बाईपण बाजूला ठेवल्याची घोषणा करूनच. हिदेओ गोशाचा 'ओनिमासा' (१९८२) मला या बाबतीत सर्वांत मोलाचा वाटतो. कोचीचा एक मस्तवाल प्रमुख गरिबाघरची पोर दत्तक आणतो आणि घरात मोलकरणीसारखी राबवतो. पोटची हानाको लाडात वाया जाते. दत्तक मात्सुए शिकते, बापाशी भांडते, त्याचे अत्याचारही सोसते आणि तरी शेवटी त्याचा खरा वारसा तिच्याकडे दिसतो. घराणे जन्माने नव्हे तर निवडीने, हा याकुझांचा मूळ दावा इथे एका मुलीने खरा केला, आणि तिला कुणी पेला दिलेला नाही. गोशानेच १९८६ मध्ये शिमा इवाशिताला घेऊन 'याकुझांच्या बायका'ची मालिका सुरू केली. ती भरपूर चालली; मला त्यात रेशमी किमोनो जास्त आणि बायका कमी दिसल्या.

मग कायदा आला. टोळीविरोधी कायदा मार्च १९९२ मध्ये लागू झाला आणि मे महिन्यात जुझो इतामीचा 'मिन्बो' लागला. हॉटेलात येऊन दमदाटी करणाऱ्या गुंडांना एक महिला वकील कायद्याने कशी नामोहरम करते, याची ही विनोदी गोष्ट. त्यात याकुझा देखणे नाहीत, शोकात्म नाहीत, निव्वळ आरडाओरडा करणारे भुरटे आहेत. प्रदर्शनानंतर आठवडाही उलटला नव्हता तोच टोळीच्या पाच जणांनी घराजवळ इतामीचा चेहरा सुऱ्याने फाडला. तीस वर्षे पडद्यावर खुनी म्हणून मिरवून घेताना कुणाचे काही बिघडले नव्हते. हसे झाले तेव्हा सुरे निघाले.

ताकेशी कितानोच्या सिनेमात आवाजच बंद होतो. 'सोनातीने' (१९९३) च्या सुरुवातीला एका माणसाला क्रेनला टांगून समुद्रात बुडवतात. किती वेळ तग धरतो बघू, म्हणता म्हणता बोलण्यात वेळ निघून जातो, माणूस मरतो, आणि नायक मुराकावा ते फारसे मनावर घेत नाही. पुढे त्याच्याच बॉसने त्याला ओकिनावात मरायला धाडल्याचे उघड होते. मधल्या वेळात त्याची माणसे वाळूत कुस्तीचे खेळ खेळतात. बाप दूर तोक्योत, हुकूम नाही, म्हणून ही माणसे पहिल्यांदाच भावंडांसारखी वागतात. 'आउटरेज' (२०१०) पर्यंत पोचताना तेवढीही सवड उरत नाही. तिथे पेला म्हणजे सेवाशर्तींचा कागद झाला आहे. वरिष्ठ खालच्याला मारायला सांगतो, काम झाले की त्यालाच हाकलतो, आणि प्रत्येक जण वरची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघतो.

ताकाशी मीइकेने वेगळी वाट धरली. १९९०च्या दशकातल्या त्याच्या पटांत चिनी वंशाची, परदेशातून परतलेली, कुठल्याच घरात न मावणारी पोरे आहेत. त्यांची हिंसा पुष्कळदा किळसवाणी होते आणि काही वेळा तो केवळ चेकाळलेला असतो. पण ज्यांना पेलाही मिळत नाही अशांकडे बघणारा तो पहिल्या काहींपैकी एक.

२०११च्या ऑक्टोबरपर्यंत देशभर लागू झालेल्या बहिष्कार-नियमांनी उरलेसुरले चित्र बदलले. याकुझाशी व्यवहार करणे हीच चूक ठरली. टोळी सोडली तरी पाच वर्षे बँक खाते किंवा फोन मिळवणे मुश्कील. मिचिहितो फुजीइचा 'याकुझा आणि कुटुंब' (२०२१) १९९९, २००५ आणि २०१९ अशा तीन तुकड्यांत हेच सांगतो. व्यसनाने बाप गमावलेल्या पोराला ओयाबुन घरी नेतो, तो दुसऱ्याचा खून अंगावर घेऊन चौदा वर्षे आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा टोळीत म्हातारे तेवढे उरलेत. त्याच्याबरोबरच्या फोटोपायी टोळी सोडून संसार थाटलेल्या मित्राचे घर मोडते, प्रेयसी आणि मुलीलाही सगळे सोडावे लागते. घात करणारा आता बाप नाही, सभ्य समाज आहे. कल्पना जोरकस, पण फुजीइ ओयाबुनला फारच प्रेमळ करून टाकतो. यामामोरीला भेटलेल्या प्रेक्षकाला ते पचत नाही. मिवा निशिकावाच्या 'मोकळ्या आभाळाखाली' (२०२०) मध्ये कोजी याकुशोचा सुटलेला कैदी याहून खरा वाटतो, कारण त्याचा भडका कुठल्याही क्षणी उडेल याची आपल्यालाही धास्ती वाटत राहते. २०२४ अखेर पोलिसांच्या मोजणीत याकुझांची संख्या वीस हजारांच्या खाली गेली आहे. ताकाकुरा आणि सुगावारा हे पडद्यावरचे दोन्ही वडीलधारे २०१४च्या एकाच नोव्हेंबरात वारले.

नव्याने बघणाऱ्यांनी सुरुवात कितानोपासून करू नये, असे माझे सांगणे आहे. आधी 'सोचो तोबाकू' बघा, मग लगेच 'जिंगी नाकी ताताकाई'चा पहिला भाग. पटकथाकार एकच आहे, कपटी वडीलधारा रंगवणारा नटही एकच, आणि दोन्हींमध्ये अवघी पाच वर्षे. त्यानंतर 'ओनिमासा' आणि 'सोनातीने'. 'जिंगी नो हाकाबा' मात्र एकट्याने, आणि जेवणाआधी.